ताईत

ताईत काढ म्हणाला होता इनासियु
आणि आईने काढला नव्हता.
तिच्या तोंडी गोष्ट इथूनच सुरू व्हायची,
दर वेळी.

सन पन्नास. दिवाडीहून होडी.
सातव्या महिन्यात नवव्याचं पोट.
वयजीण म्हणाली दोन आहेत, सासू म्हणाली पाणी आहे,
रायबंदरच्या इस्पितळातले दोतोर ग्रासियश म्हणाले,
वाद कशाला, बघूनच घेऊ.

फोटो काढणार म्हणून ती अबोलीचा वळेसर माळून गेली.
बांगड्या, नथ, गळ्यातलं, सगळं सासूच्या ओच्यात.
मग थंडगार फळी, वर यंत्राचं काळं तोंड,
आणि अंधारातून कुणीतरी पोर्तुगीजमधून सांगतंय,
श्वास घेऊ नकोस.
शब्द कळला नाही, पण श्वास आधीच थांबला होता.
पहिली बिघडली, आम्ही हललो म्हणून.
मग दुसरी. मग कुशीवर करून तिसरी.
इनासियुची बोटं काळी, नखं करपलेली,
ती तिला तेव्हाच दिसली होती.
वाटलं, घरी सुपाऱ्या सोलत असेल.

फिल्म ओलीच आली, चिमट्याला टांगलेली:
पाठीचे दोन कणे,
ताटात उरलेल्या पेडव्यांच्या काट्यांसारखे,
एक डोकं वर, एक खाली,
आणि खालच्या डोक्यावर पांढरा चौकोन.
दोतोरांनी चश्मा पुसला. हे तिसरं कोण?
नेसूखाली, काळ्या दोऱ्यात, तांब्याचा ताईत.
इनासियु ओरडला. बाकीचे हसले. सासूसुद्धा.

मी आधी आले, म्हणजे खालची मी, असं धरायचं.
पण वयजीण म्हणायची, शेवटच्या महिन्यात
पोरं फुगडी घालतात, जागा बदलतात.
फिल्मवर नाव नसतं.

पुरसो चार वर्षांचा झाला आणि फिका पडू लागला.
आधी ओठ, मग नखं. मग हिरड्यांतून रक्त.
पणजीला काचेवर थेंब पसरून
कुणी सांगितलं, पांढऱ्या पेशी माजल्यात.
आईला शेतातलं तण आठवलं.
विचारलं, उपटता नाही येणार?

खूप पुढे, बी.एस्सी.ला असताना वाचलं:
त्याच सुमारास विलायतेत कुणी आयांना विचारत होतं,
पोर पोटात असताना काय काय झालं, आठवून सांगा,
आणि आया सांगत होत्या, फोटो काढला होता.
दिवाडीला विचारायला कुणी आलं नाही.
मी आईला सांगितलं नाही.
तिनेच एकदा भात वेळताना म्हटलं,
ताईत मोठा करून घ्यायला हवा होता.
एवढ्याशा पत्र्याने काही अडत नाही,
एकाच उजेडात होतो आम्ही,
तो का आणि मी का नाही, हे कुठल्याच पुस्तकात नाही.
मी म्हटलं, हो.

ऐंशी सालचं ग्रहण. मला सातवा.
अंगणात सगळ्यांच्या डोळ्यांना जुने एक्स-रे:
शेजारच्या कायतानचा मोडका हात, नवऱ्याची छाती,
आणि पोरांच्या हातात आम्ही दोघं.
मला खोलीत कोंडलेलं. चिरू नकोस, शिवू नकोस,
पाय मुडपून बसू नकोस.
मला हसू आलं. आई, तू तर मला...
आणि पुढचं गिळलं.

पश्चिमेच्या खिडकीत शिंपल्यांची तावदानं,
एकाचा कोपरा फुटलेला,
तिथून जमिनीवर उन्हाची एवढीशी कोयती पडलेली.
ती माझ्या पावलाकडे सरकत होती.
आई बाहेर गेली, पोरांकडून फिल्म ओढून घेतली,
आणि त्या भोकावर धरली,
दोन बोटांनी, कडेला,
जणू अजून ओलीच आहे.

खोली काळवंडली. शिंपल्यांमागच्या मंद उजेडात
आम्ही दिसू लागलो, काटे, डोकी.
चौकोनातून मात्र ऊन तसंच आत आलं,
तांबं होतं त्या जागी फिल्म अगदी कोरी,
काचेसारखी.

आईने त्यावर अंगठा ठेवला.
बाहेर पोरं रडत होती, आम्हाला दिसत नाही म्हणून.
ग्रहण सुटेपर्यंत तिने तो काढला नाही.